हिवाळ्यातही अंडी देणं न थांबवणारी कोंबडी कोणती? (काटोल परिसर)

संत्राबाग
राम राम मंडळी. काटोलपासून थोडं आत आमची संत्र्याची बाग आहे आणि बागेतच पाऊणशे कोंबड्या मोकळ्या फिरतात. निम्म्या गावरान, बाकीच्या वनराजा, आणि हौसेखातर चारदोन कडकनाथ. दिवाळीपर्यंत रोज टोपलं भरायचं. आता मार्गशीर्ष लागला आणि टोपल्याचा तळ दिसतो. नागपूरची गिऱ्हाइकं गावरान अंड्याला चांगला भाव द्यायला तयार आहेत, पण द्यायला मालच नाही.

रात्री बागेत पारा आठ-नऊवर येतो. यूट्यूबवर परदेशातले लोक थंडीत अंडी देणाऱ्या जातींची यादीच वाचून दाखवतात: ऑस्ट्रालॉर्प, ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक, वायनडॉट वगैरे. आपल्या विदर्भात यातली कोणती चालेल? पुढच्या खेपेला तीच भरायचा विचार आहे. गावरान सगळ्या काढून टाकू का?

बोंडअळी
मार्गशीर्ष आहे भाऊ. कोंबड्यांनीही गुरुवार धरले असतील.

तुराटी
राजेहो, जात बदलून काय होते? आमच्या यवतमाळकडं माही आजी सांगे, दिवस लहान झाला का कोंबडी रजेवर जाते अन् संक्रांतीनंतर कामावर येते. थंडीचा काही संबंध नाई. मले एक सांगा, तुमच्या कोंबड्या पिसं गाळून रायल्या का?

संत्राबाग
हो दादा, खुराड्यात पिसांचा सडा असतो. काहींच्या माना पार उघड्या पडल्यात. मला वाटलं काही रोग आहे.

पशुधन_निवृत्त
रोग नाही. तुराटींच्या आजी बरोबर सांगत होत्या. मी नोकरीत असताना हा प्रश्न दर डिसेंबरात यायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोंबडी दिवस मोजते. नुसत्या डोळ्यांनी नाही, कवटीतून मेंदूपर्यंत झिरपणारा उजेडही तिला कळतो आणि त्यावरच अंडाशयाचं काम चालतं. भरपूर अंडी हवी असतील तर चौदा ते सोळा तास उजेड लागतो. नागपूरच्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस दिवस साधारण साडेतेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या अखेरीस अकरा तासांपेक्षा थोडा कमीच. दिवस आखडायला लागला की वर्षाच्या वरची कोंबडी जुनी पिसं टाकते आणि नवी उगवते. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. खाल्लेलं प्रथिन पिसांना गेलं की अंड्याला काय उरणार?

आता थंडी. प्रौढ कोंबडीला अठरा ते चोवीस अंश सगळ्यात सुखाचे. रात्री आठ अंश झाले तर ती मरत नाही, पिसं फुगवून बसते आणि दुसऱ्या दिवशी जास्त खाते. तुम्ही तेवढं जास्त दिलं नाही तर अंडी घटतात. म्हणजे थंडी आहे, पण ती दुसऱ्या नंबरवर. पहिला नंबर उजेडाचा.

तुमच्या कोंबड्या किती वयाच्या आहेत, हे सांगितलं नाहीत.

मेळघाटी
डॉक्टरसाहेब, काटोलचं ठीक आहे, पण थंडीला दुसरा नंबर देऊ नका. आम्ही चिखलदऱ्याच्या बाजूला राहतो, हजार मीटरच्या वर. पहाटे गवतावर पांढरा थर असतो, भांड्यातलं पाणी इतकं गार की कोंबड्या तोंड लावत नाहीत. पाणी पोटात गेलं नाही की दाणाही जात नाही. मी सकाळी चुलीवरचं कोमट पाणी ठेवायला लागल्यापासून फरक पडला. दिवा वगैरे काही लावला नव्हता.

आणि नागपूरला तरी थंडी पडत नाही असं थोडंच आहे. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश झाले होते.

पशुधन_निवृत्त
पाण्याचा मुद्दा मान्य, माझ्या उत्तरात तो यायला हवा. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. डोंगरावर राहणाऱ्यांनी थंडी जास्त मनावर घ्यावी, हेही मान्य. पण ३.५ अंश ही एका रात्रीची गोष्ट. त्या एका रात्रीसाठी जात निवडायची नसते.

पेठेतला
कोंबड्यांना स्वेटर विणून घाला. आमच्याकडे विणणाऱ्या काकू आहेत, पण त्या दुपारी एक ते चार भेटत नाहीत.

वऱ्हाडी_विनिपेग
मूळचा मूर्तिजापूरचा, सध्या कॅनडात. घरामागे आठ-दहा कोंबड्या आहेत, म्हणून धागा उघडला. इथं डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा आणि पारा उणे तीसपर्यंत जातो. त्यामुळे संत्राबाग यांनी पाहिलेल्या याद्या खोट्या नाहीत, त्या आमच्यासारख्यांसाठी आहेत.

इथं थंडीची कोंबडी म्हणजे काय ते पाहा. शँटेक्लेर ही इथलीच जात, क्युबेकमधल्या ओका इथल्या मठात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलेली. डोक्यावर तुरा जवळपास नाहीच, गळ्याखालची लाल कातडीही नावापुरती. वायनडॉटचा तुरा डोक्याला चिकटलेला. कारण उभा मोठा तुरा इथं गोठतो, टोकं काळी पडून झडतात. अंग जड आणि पिसारा दाट. माझ्या लेगहॉर्न कोंबडीला मी दर हिवाळ्यात तुऱ्याला व्हॅसलीन लावतो. त्याचा किती उपयोग होतो यावर इथल्या लोकांत भांडणं आहेत, ती इकडं आणत नाही.

आता ही दाट पिसांची, बिनतुऱ्याची, जड कोंबडी मे महिन्यात काटोलला ठेवून पाहा. तुरा हे कोंबडीचं अंग गार करायचं साधन आहे, तिला घाम येत नाही. तुम्ही चार थंड रात्रींसाठी कोंबडी घेणार आणि ती उन्हाळ्यात मान टाकणार.

दिवा मात्र मीही लावतो. इथं बिनदिव्याची कुठलीही जात डिसेंबरात फारसं काही देत नाही.

धानपट्टा
विनिपेगवाल्या दादांना +१. मी गोंदिया जिल्ह्यातली, बचत गटातून कोंबड्या करतो आम्ही. आमच्याकडे विदर्भातली सगळ्यात जास्त थंडी पडते म्हणतात, पण आजवर थंडीनं एकही मोठी कोंबडी गेली नाही. लहान पिल्लं जातात, तो वेगळा विषय. मे महिन्यात मात्र दुपारी धापा टाकून पटापट जातात. वनराजा अंगानं भारी, ती आधी जाते. संत्राबाग दादा, तुमच्या उन्हाळ्यात किती गेल्या ते आठवून पाहा.

संत्राबाग
ताई, वनराजाच गेल्या जास्त. बागेत सावली असूनही.

डॉक्टरसाहेब, गावरान दोन-तीन वर्षांच्या आहेत, वनराजा दीड वर्षाच्या.

कडकनाथप्रेमी
कडकनाथ घ्या, डोळे मिटून. थंडी नाही, ऊन नाही, रोग नाही. काळं अंडं शंभर रुपयाला जातं.

तुराटी
काळं अंडं? कुठी पाह्यलं बाप्पा? कडकनाथचं मांस काळं, हाड काळं, अंडं मात्र फिक्कट बदामीच. माह्या घरी हाये म्हणून सांगतो.

पशुधन_निवृत्त
बरोबर. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये मांसासाठी भौगोलिक मानांकन मिळालं आहे. वर्षाला शंभरच्या आत-बाहेर अंडी, खुडूक (अंडी उबवायला) बसण्यातही ती कच्चीच. ऊन आणि रोग बऱ्यापैकी सोसते हे खरं. पण अंड्यांचा धंदा तिच्यावर उभा करायचा नाही. २०१९ मध्ये कडकनाथ परत विकत घेण्याच्या हमी योजनांत आपल्या राज्यातल्या किती शेतकऱ्यांचे पैसे बुडाले ते विसरू नका.

झाडीपट्टी
आमच्या गडचिरोलीत असील आहे घरोघरी. अंडी वर्षाला तीस-चाळीस, पण कोंबडा पाहावा तर असील! कोंबडा बाजारात...

बोंडअळी
पुढचं लिहू नका, कायद्यानं बंदी आहे झुंजींना. धाग्यावर पोलीस येतील.

झाडीपट्टी
मी फक्त पाहायला गेलो होतो.

तुराटी
सगळेच पाहाले जातात.

धानपट्टा
विषयावर या रे. दाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. दादा, मोकळ्या कोंबड्यांना तुम्ही वरून काय टाकता? पावसाळ्यात किडे, गांडुळं, वाळवी, हिरवा पाला सगळं मिळतं. थंडीत रान कोरडं पडलं की तेवढं प्रथिन कमी होतं, आणि लोक ज्वारीची मूठ वाढवून मोकळे होतात. ज्वारी-मक्यानं ऊब मिळते, अंडं होत नाही.

आम्ही भरडलेला मका आणि तांदळाची कणी, त्यात सोयाबीनची ढेप, थोडा कोंडा, खनिज मिश्रण आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्याचा चुरा असं देतो. संध्याकाळी खुराड्यात जाण्याआधी अख्खा मका मूठभर, तो रात्रभर पचत राहतो.

दोन गोष्टी इकडच्या लोकांना सांगाव्याशा वाटतात. घरचं सोयाबीन कच्चं टाकू नका. त्यातल्या एका घटकानं प्रथिन पचतच नाही, भाजलं किंवा उकडलं की तो मरतो. आणि सरकीची ढेप गुरांना घाला, अंड्यावरच्या कोंबडीला नको. बलक हिरवट पडतो. आमच्या गटातल्या एकीची अंडी गिऱ्हाइकानं परत केली होती, तिला वाटलं कोणी करणी केली.

संत्राबाग
सरकी ढेप गोठ्यात असतेच, कोंबड्या तिथंच चरतात. हे नवीन कळलं. वरून ज्वारीच टाकतो, खरं तर मूठभरच.

पशुधन_निवृत्त
मग अर्धं उत्तर इथंच मिळालं. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाद्य लागतं, त्यात सोळा-सतरा टक्के प्रथिन. थंडीत थोडं जास्त. मोकळी फिरणारी काही भाग स्वतः मिळवते, पण सगळं नाही.

पावसाळ्यानंतर जंताचं औषध दिलं का? नसेल तर आधी ते. नाहीतर दाणा जंतांना पोसेल.

तुराटी
आता माही शंका. दिवा लावून कोंबडीले रात्रभर जागवता, तिच्यातली अंडी लवकर खपत नाईत का? आमच्या गावात एकानं दोनशेचा बल्ब लावला, रात्रभर. अंडी वाढली, पण कोंबड्या एकमेकीची पिसं उपटून खाऊन रायल्या. मंग बल्ब फुटला अन् सगळं बंद.

पशुधन_निवृत्त
तुराटीभाऊ, तो दिव्याचा नाही, लावणाऱ्याचा गुण. कोंबडीच्या अंगात अंड्यांची बीजं आयुष्यभरात ती घालेल त्याच्या कितीतरी पट असतात, त्यामुळे खपायचा प्रश्न नाही. पण रात्रभर झगझगीत उजेड दिला की त्या चिडतात, टोचाटोची सुरू होते. तिला सहा-आठ तास अंधारही हवाच.

दिवा असा लावा:

पिवळसर उजेडाचा नऊ वॅटचा एलईडी शंभर-दीडशे चौरस फुटांच्या खुराड्याला पुरे. माणसाला वर्तमानपत्र कसंबसं वाचता येईल एवढा उजेड झाला की बास. वाढीव तास पहाटेला जोडा, संध्याकाळला नाही. संध्याकाळी दिवा अचानक गेला तर कोंबड्या जमिनीवरच अडकतात, दांडीवर चढायला अंधारात दिसत नाही. पहाटे चारला लागलेला दिवा उजाडल्यावर विझला तर त्यांना कळतही नाही. एकदम तीन तास वाढवू नका, आठवड्याला अर्धा-पाऊण तास वाढवत चौदापर्यंत न्या. आणि एकदा लावला की फेब्रुवारी-मार्चपर्यंत मोडू नका. आज आहे, उद्या नाही, असं झालं तर कोंबडी पुन्हा पिसं टाकते.

पिसं गळणाऱ्या कोंबड्यांना आता लगेच दिवा लावू नका, आधी नवी पिसं येऊ द्या. आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना तर मुळीच नाही. लवकर अंड्यावर आल्या तर अंडी बारकी येतात, अंग बाहेर पडतं.

मेळघाटी
पहाटे चारला लाईन असेल तर ना! आमच्याकडे शेतीची वीज रात्रपाळीची, घरची येते-जाते.

वऱ्हाडी_विनिपेग
सौर कंदील आणि छोटा टायमर. इथं शेडमध्ये मी तेच वापरतो.

धानपट्टा
आमच्याकडे सौर दिव्याची पाटी कोणीतरी नेली काढून. कोंबडी ठेवली, पाटी नेली. चोरालाही भाव कळतो.

पेठेतला
थंडीत खुराडं पोत्यांनी गच्च बंद करावं, असं वाचलं होतं. ते बरोबर का? (हा प्रश्न खरा आहे, टोमणा नाही.)

पशुधन_निवृत्त
प्रश्न खरा असल्याचं सांगितलंत ते बरं केलंत. गच्च बंद करू नका. कोंबडीच्या उंचीला झोत लागू नये, पण वर छपराखाली हवा खेळली पाहिजे. सगळं बंद केलं की ओल आणि विष्ठेचा अमोनिया कोंडतो. सकाळी खुराड्यात वाकल्यावर डोळे चुरचुरले तर समजा कोंबड्यांचे रात्रभर चुरचुरत होते. हिवाळ्यात शिंकणाऱ्या, घशात घरघर करणाऱ्या कोंबड्या बहुतेक वेळा असल्या खुराड्यातूनच येतात. खाली धानाचं तूस चार बोटं टाका, वरखाली करत राहा, भिजलं तेवढं बाहेर.

शिंका, निळा पडलेला तुरा, आणि एकदम मरतूक दिसली तर मात्र घरगुती उपाय नकोत. पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नका. बर्ड फ्लूचे प्रकार आपल्याकडेही हिवाळ्यातच जास्त होतात.

संत्राबाग
मंडळी, खूप कामाचं मिळालं. पण जातीचं उत्तर अजून राहिलंच. सगळं सांभाळलं असं धरा, मग कोणती घ्यायची?

मेळघाटी
माझ्याकडे ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प आहे. डोंगरावर उत्तम. १९२२-२३ मध्ये ऑस्ट्रेलियात या जातीच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १८५७ अंडी दिली होती, तेही बिनदिव्याची. माझ्या तेवढं देत नाहीत, पण थंडीत थांबत नाहीत. काळा रंग मात्र खाली सपाटीवर उन्हात त्रास देईल असं वाटतं.

धानपट्टा
ग्रामप्रिया. आमच्या गटाचा अनुभव.

पशुधन_निवृत्त
मीही तेच सांगणार होतो. वनराजा आणि ग्रामप्रिया दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या, पण काम वेगळं. वनराजा मांस आणि अंडी दोन्हींसाठी, वर्षाला शंभर-एकशेदहा अंडी. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी, चांगलं खाद्य असेल तर दोनशेच्या पुढे, तपकिरी कवचाची. अंगानं हलकी, म्हणून ऊनही सोसते आणि मुंगूस-कुत्र्यापासून पळते. ऱ्होड आयलंड रेड आपल्या पशुसंवर्धन खात्यात फार वर्षं आहे, तीही चालेल. पांढरी लेगहॉर्न अंडी सगळ्यात जास्त देते, पण पांढऱ्या कवचाचं अंडं तुमचं गिऱ्हाईक गावरान म्हणून घेणार नाही.

पण यापेक्षा मोठी गोष्ट पिल्लं कधी घ्यायची ही. पहिल्या वर्षातली तलंग आपल्या पहिल्या हिवाळ्यात सहसा पिसं टाकत नाही. जूनअखेर-जुलैत एक दिवसाची पिल्लं आणलीत तर साडेपाच-सहा महिन्यांनी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत अंड्यावर येतात. नेमक्या तुमच्या तुटवड्यात. दीड-तीन वर्षांच्या कोंबड्यांकडून डिसेंबरात अंडी मागत बसलात तर जगातली कुठलीही जात तोंड फिरवेल. दरवर्षी पावसाळ्यात तिसरा हिस्सा नवा भरा, जुन्यांतल्या विका.

पावसाळ्यातल्या पिल्लांना रक्ती हगवणीचा धोका असतो, तूस कोरडं ठेवा. लासोटा (मानमोडीची लस) सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची लस दोन आठवड्यांनी, देवीची लस सहाव्या आठवड्याच्या सुमारास. डॉक्टरकडून वेळापत्रक लिहून घ्या.

तुराटी
म्हणजे माही आजी बरोबर, डॉक्टर बी बरोबर. पण गावरान काढू नका भाऊ. ग्रामप्रिया खुडूक बसत नाई. अंडी कोण उबवन? माह्याकडं चार गावरान फक्त बसाले ठेवल्या हायेत.

संत्राबाग
गावरानातल्या खुडूक बसणाऱ्या आठ-दहा ठेवतो, बाकी गावरान आणि वनराजा संक्रांतीनंतर काढतो. कडकनाथ राहू द्या, पोरगा विकू देणार नाही. आता ज्वारी बंद करून ताईंचं मिश्रण सुरू करतो, जंताचं औषध उद्याच आणतो. नवी पिसं आल्यावर पहाटेचा दिवा. ग्रामप्रियाची पिल्लं जुलैला. कुठून घ्यावीत?

धानपट्टा
दादा, सोयाबीन ढेप एकदम सुरू करू नका, आठवडाभर ज्वारीत मिसळत वाढवा. नाहीतर हगवण लागेल आणि धाग्याला दोष द्याल.

पशुधन_निवृत्त
नागपूरला शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथं आधी विचारा. कृषी विज्ञान केंद्रातही नाव लिहून ठेवतात. जुलैची मागणी मे महिन्यातच नोंदवा, कारण पाऊस पडला की सगळ्यांनाच पिल्लं हवी असतात. घेताना पहिल्या दिवशीची मॅरेक्स रोगाची लस झाली आहे का ते विचारा. पिल्लं पहाटे उचला, उन्हं चढायच्या आत घरी पोचा, आणि पोचल्यावर आधी पाणी, त्यात थोडा गूळ. दाणा तासा-दोन तासांनी, पहिले दोन दिवस कागदावर पसरून भरडलेला मका.